न वापरलेला जुना टायर लावायचा का? भेगा, थरथर आणि हवा कमी होण्यामागचे खरे कारण

पडून राहिलेला टायर बघून तो कुणालाही नवाच वाटतो. खाचा पूर्ण खोल, साच्यातून निघताना राहिलेले रबरी केस तसेच उभे, ट्रेडवरचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागावरचे, रंगीत पट्टेही पुसलेले नाहीत. तो गाडीला चढतो आणि मग एकामागून एक तक्रारी सुरू होतात. दर आठवड्याला हवा कमी होते, सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसू लागतात, पावसात ब्रेक लावला की गाडी नको तेवढी पुढे घसरते. बॅलन्सिंग केले, व्हॉल्व्ह बदलला, तरी महिन्याभराने पुन्हा तेच. टायर चाललेला नसतो, पण म्हातारा झालेला असतो, आणि त्याकडे कुणी बघितलेलेच नसते.

टायरची झीज वेगळी आणि टायरचे वय वेगळे. झीज मोजायला खोली मोजायची पट्टी पुरते: नव्या कारच्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरवर खाचांतले उंचवटे ट्रेडच्या बरोबरीला येऊन 'आता बदला' असे सांगतात. वयासाठी असा उंचवटा कुणी केलेला नाही. म्हणून पुढचे सगळे वाचताना एक गोष्ट धरून ठेवावी: हाताने आणि डोळ्यांनी केलेली तपासणी टायरला नापास करू शकते, पास करू शकत नाही. खोल भेग दिसली तर टायर गेला. भेग दिसली नाही तर एवढेच कळले की बाहेरून भेग नाही.

आधी तारीख वाचा

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'डीओटी' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधा. त्याच्या शेवटी, बहुतेक वेळा लंबगोल चौकटीत, चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा, ऑगस्टचा शेवट. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा एकाच बाजूला असतो; दुसऱ्या बाजूला अर्धवट क्रमांक असतो आणि त्यात तारीख नसते. बाहेरच्या बाजूला तारीख सापडली नाही तर गाडीखाली शिरून किंवा चाक उतरवून आतली बाजू बघा. 'तारीख नाहीच' असे म्हणून सोडून देऊ नका.

चारऐवजी तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. त्याची नक्षी कितीही सुंदर असो, पुढे काही तपासायची गरज नाही.

चारही टायरच्या तारखा कागदावर लिहून काढा, स्टेपनीचीही. वय नेहमी बनवल्याच्या तारखेपासून मोजायचे. विकत घेतल्याच्या किंवा गाडीला लावल्याच्या दिवसापासून मोजणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. चार वर्षे गोदामात राहिलेला टायर आज लावला तर तो आजच चार वर्षांचा आहे. टायर विकत घेत असाल तर रिमवर चढवण्याआधीच तारीख बघावी. एकदा चढवून हवा भरली की परत करणे अवघड होते.

न चालता बिघडतो कसा

रबर शिजवताना गंधकाने त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. ही जोडणी कारखान्यात संपत नाही. उष्णता मिळाली की सावकाश पुढे चालू राहते, त्यात हवेतला ऑक्सिजन भर घालतो, आणि रबर हळूहळू कडक व कमी ताणले जाणारे होते. रबर मऊ ठेवण्यासाठी घातलेली तेले कमी होत जातात. ऑक्सिजनपासून वाचवायला मिसळलेली रसायनेही खर्च होतात. ती कायमची पुरतील एवढी कुणी घालत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की असा रासायनिक बदल साधारण दुप्पट वेगाने होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला पाच वर्षांचा टायर आणि थंड, अंधाऱ्या खोलीतला पाच वर्षांचा टायर हे एका वयाचे नसतात.

दुसरा शत्रू ओझोन. हवेत तो अगदी कमी असतो, पण ताणलेल्या रबरावर तो नेमका घाव घालतो. रबर ताणलेले नसेल तर ओझोनमुळे भेगा जवळपास पडत नाहीत; ताण असला की ताणाच्या दिशेला आडव्या भेगा उघडतात. हे लक्षात आले की बरेच कोडे सुटते. सुटा, उभा ठेवलेला टायर वर्षानुवर्षे बरा दिसतो. थप्पीच्या तळाशी चेपून राहिलेल्या टायरच्या साइडवॉलला मात्र वाकलेल्या जागीच चिरा पडतात. हवा भरून उन्हात टांगलेल्या स्टेपनीची गत तशीच.

ओझोनला अडवण्यासाठी रबरात मेण आणि ६पीपीडीसारखी रसायने असतात. ती आतून पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. टायर चालताना रबर मुडपते, गरम होते आणि हा पुरवठा होत राहतो. उभ्या टायरमध्ये तो मंदावतो. जाता जाता: साइडवॉलवर दिसणारा तपकिरी रंग किंवा पांढुरका मेणासारखा थर हा दोष नव्हे, याच रसायनांची ती खूण आहे. तो घासून काढला तर टायर उजळ दिसतो आणि त्याचे संरक्षणच निघून जाते.

आता खरी धोक्याची जागा. रेडियल टायरच्या ट्रेडखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. तारांवर पितळेचा मुलामा असतो आणि त्याच्याशी रबर रासायनिक बंधाने धरलेले असते. या पट्ट्यांच्या कडांना, म्हणजे ट्रेडच्या खांद्याखाली, चालताना सर्वांत जास्त ताण येतो. तिथले रबर कडक झाले की कडेला सूक्ष्म फट सुरू होते, ती दोन पट्ट्यांच्या मधून पुढे सरकते आणि एक दिवस भर वेगात वरचा पट्टा ट्रेडसकट सोलून निघतो. बाहेरून बहुतेक वेळा शेवटपर्यंत काहीच दिसत नाही.

तिथपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो कसा? आतून. ३२ पीएसआय हवा भरलेल्या टायरच्या पोटात एकूण दाब बाहेरच्या वातावरणाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, म्हणजे ऑक्सिजनचा रेटाही तेवढाच जास्त. आतला ब्युटाइल रबराचा अस्तर-थर त्याला रोखतो, पण पूर्ण नाही. थोडा थोडा ऑक्सिजन रोज पट्ट्यांतून बाहेर झिरपत असतो. म्हणून हवा भरून ठेवलेली स्टेपनी एकदाही रस्त्याला लागली नाही तरी आतून म्हातारी होते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेने फिनिक्सच्या कडक उन्हाळ्यात राहिलेले टायर तपासले तेव्हा स्टेपन्यांचे रबरही खालावलेले आढळले होते. सुटा, रिमविना ठेवलेला टायर या बाबतीत हवा भरलेल्यापेक्षा बरा.

किती वर्षांपर्यंत चालेल

सगळ्या जगाला लागू पडणारा एक आकडा नाही, पण चौकट आहे. बऱ्याच कार कंपन्यांच्या पुस्तिकांत सहा वर्षांनी टायर बदला असे लिहिलेले असते, नक्षी कितीही उरली असली तरी. मोठ्या टायर कंपन्या पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि बनवल्यापासून दहा वर्षांनी टायर बाद, असे सांगतात. हे दहा वर्ष म्हणजे शेवटची मर्यादा आहे, 'दहा वर्षे टिकेल' असे वचन नव्हे. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी आहे. त्यामागे सप्टेंबर २०१२ मधला सरे परगण्यातला बस अपघात होता. पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, बसपेक्षाही जुना.

जर्मनीत टायरच्या व्यापारात नीट साठवलेला, न वापरलेला टायर पाच वर्षांपर्यंत नवा म्हणून विकला जातो. त्यामुळे दुकानातल्या दोन वर्षांच्या टायरला नाक मुरडण्याचे कारण नाही. याच जर्मनीत ताशी १०० किलोमीटर वेगाने जाण्याची सवलत घेणाऱ्या ट्रेलरचे टायर मात्र सहा वर्षांच्या आतलेच लागतात. दोन नियम वरकरणी विरोधी वाटतात, पण अर्थ सरळ आहे: साठवण चांगली असेल तर सुरुवातीची वर्षे माफ, पुढची नाहीत.

आमची विभागणी अशी आहे. तीन वर्षांपर्यंत, साठवण ठीक, तपासणीत काही नाही: निःशंक लावा. तीन ते सहा: साठवणीचा इतिहास खात्रीने माहीत असेल आणि खालची पूर्ण तपासणी झाली तरच लावा, आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर दरवर्षी चाक उतरवून बघा. सहाच्या पुढचा न वापरलेला टायर रोजच्या गाडीला नव्याने चढवू नये. तो शहरात कमी वेगाने चालेल ही पळवाट आहे, कारण शहरातली गाडी कधीतरी महामार्गावर जातेच. दहाच्या पुढे चर्चा नाही. गाडीच्या पुस्तिकेत यापेक्षा कडक सूचना असेल तर पुस्तिकेचे ऐका.

कुठे ठेवला होता, हे विचारा

तारखेनंतरचा दुसरा प्रश्न हाच. चांगली साठवण म्हणजे २५ अंश सेल्सिअसच्या खाली, कोरडी, अंधारी, वारा न खेळणारी जागा. विजेची मोटर, वेल्डिंग यंत्र, बॅटरी चार्जर जवळ असतील तर त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. असे गॅरेज टायरला वाईटच. पेट्रोल, डिझेल, ग्रीस, थिनर यांचा नुसता वाससुद्धा नको, कारण खनिज तेल रबरात शिरून ते फुगवते. रिमविना टायर उभे ठेवायचे आणि साधारण महिन्याने थोडे फिरवायचे, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. रिमसकट असतील तर आडवे रचावेत किंवा टांगावेत. रिमविना टायर खिळ्याला टांगला की बीड, म्हणजे रिमला बसणारी आतली कडा, तिथे वाकते आणि पुढे तिथूनच हवा सुटते. काळ्या, तोंड बंद केलेल्या पिशवीत ठेवलेला टायर उजेड आणि वारा दोन्हींपासून वाचतो.

टायर गाडीलाच असून गाडी वर्षानुवर्षे एका जागी उभी असेल तर त्याला 'न वापरलेला' म्हणू नका. त्याने भार सोसलेला असतो, हवा कमी झाल्यावर साइडवॉल मुडपून राहिलेली असते आणि एकच बाजू ऊन खात असते. सुट्या टायरच्या तुलनेत त्याला निदान दोन वर्षे जास्त वयाचा धरून निर्णय घेणे शहाणपणाचे.

साठवणीबद्दल खात्रीशीर उत्तर मिळाले नाही तर ती वाईट होती असेच धरा.

तपासणी

टायर आधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. चमक आणणारे पॉलिश भेगा भरून टाकते. जुना टायर विकताना ते मुद्दाम लावलेले असू शकते. मग उजेडात, शक्यतो हातात टॉर्च घेऊन, टायर फिरवत बघा.

साइडवॉल अंगठ्यांनी दाबून बाहेर वाकवा म्हणजे बंद भेगा उघडतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, नख न अडकणाऱ्या रेषा फक्त वरच्या थरात असतात. चार वर्षांच्या टायरवर त्या चालतात, पण घड्याळ सुरू झाल्याची ती खूण आहे. नख अडकते, भेगेचा तळ दिसत नाही, किंवा दोन-तीन भेगा जोडून एक लांब भेग झाली आहे, तर टायर बाद. आत दोऱ्याचे धागे दिसत असतील तर तो हवा भरण्याच्याही लायकीचा नाही.

खाचांच्या तळाकडे साइडवॉलपेक्षा जास्त लक्ष द्या. तिथे रबर पातळ असते आणि खाली लगेच पोलादी पट्टा. खाचेच्या लांबीने धावणारी भेग पाणी आत नेते, तारा गंजतात आणि गंजलेल्या तारेला रबर धरत नाही. साइडवॉल स्वच्छ असून खाचांत भेगा असलेले टायर बरेच दिसतात, आणि हेच टायर 'एकदम नवा' म्हणून लावले जातात.

बीड पूर्ण गोल आहे का, कुठे चेपली आहे का, तार उघडी पडून गंज आला आहे का, हे हात फिरवून बघा. आतले अस्तर टॉर्चने पाहा. तिथे चिरा, सुरकुत्या, धाग्यांच्या रेषा उमटलेल्या किंवा काळा रबरी भुगा असेल तर टायर न वापरलेला नाहीच. तो कमी हवेवर चाललेला आहे.

कडकपणा मोजायला शोअर-ए मापक मिळाला तर वापरा. नव्या उन्हाळी कार टायरचा ट्रेड साधारण ६० ते ७० दाखवतो. सावलीत, २० ते २५ अंशांना, ट्रेडच्या पाच वेगवेगळ्या ठोकळ्यांवर मोजून सरासरी काढा आणि त्याच मॉडेलच्या ताज्या टायरशी ताडून बघा. फरक आठ-दहा अंकांहून जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड गेलेली आहे, नक्षी ८ मिलिमीटर असली तरी. नक्षीचे काम पाणी बाजूला काढणे. रस्त्याला धरून ठेवण्याचे काम मऊ रबराचे. मापक नसेल तर ट्रेडमध्ये नख रोवा. ताज्या रबरात ते थोडे जाते आणि खूण हळूच भरून येते. प्लॅस्टिकवर घासल्यासारखे नख सरकले तर उत्तर मिळाले.

लावायचे ठरले तर

थंडीत टायर आदल्या दिवशी उबदार खोलीत आणून ठेवा. गार आणि जुने रबर लोखंडी पट्टीने ताणले की बीडची कडा फाटते. बीडला टायरची खास पेस्ट सढळ हाताने लावा; ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको. रबरी व्हॉल्व्ह नवाच घाला. कारच्या बऱ्याच रिमना ११.३ मिलिमीटरच्या भोकात बसणारा टीआर ४१३ प्रकारचा व्हॉल्व्ह लागतो. जुना व्हॉल्व्ह राहू दिला की नंतर हवा टायरमधून जाते की व्हॉल्व्हमधून, यातच महिना जातो. ट्यूबवाल्या टायरला ट्यूबही नवी.

हवा भरताना बीड ४० पीएसआयपर्यंत दोन्ही बाजूंनी बसली पाहिजे. बसली नाही तर दाब वाढवत राहू नका. हवा पूर्ण सोडा, टायर फिरवा, पेस्ट पुन्हा लावा. कडक झालेली किंवा चेपलेली बीड जबरदस्तीने बसवताना तार तुटली तर टायर स्फोटासारखा फुटतो आणि जवळचा माणूस जायबंदी होतो. दोनदा करूनही बसत नसेल तर टायर बाजूला ठेवा. बीड बसल्यावर गाडीच्या दारावरच्या पट्टीत लिहिलेल्या दाबावर आणा. साइडवॉलवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो.

आता बीड, व्हॉल्व्ह आणि साइडवॉलवर साबणाचे पाणी मारा. मग चाक एक दिवस तसेच ठेवून, पहिल्या वेळी जेवढे तापमान होते त्याच तापमानाला दाब पुन्हा मोजा. पाच-सहा अंशांच्या फरकाने साधारण १ पीएसआय बदलतो, म्हणून दुपारी भरून पहाटे मोजले तर खोटी गळती दिसते. निरोगी टायर महिन्याला १ पीएसआयच्या आसपास सोडतो. दिवसात २ पीएसआय गेले तर काहीतरी आहे.

बॅलन्सिंगला साठ-सत्तर ग्रॅमहून जास्त वजन लागत असेल तर शिसे चिकटवून मोकळे होऊ नका. रिमवर टायर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. तरीही तेवढेच लागले तर टायर किंवा रिम वेडीवाकडी आहे.

पहिले ३०० किलोमीटर सौम्य चालवा. साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर ट्रेडवर असतो. पहिल्या वीस मिनिटांत ८० च्या वर जाऊ नका, मग थांबून चारही टायरवर तळहात फिरवा. एक टायर इतरांपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल किंवा हाताला उंचवटा लागला तर तिथूनच स्टेपनी लावून परत या. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा.

लावल्यावर तक्रार आली तर

*थरथर.* बराच काळ एका जागी राहिलेला टायर तळाशी चपटा होतो. सुरू करताच धडधड होते आणि २० ते ३० किलोमीटर चालून टायर गरम झाला की नाहीशी होते. ही ट्रेडखालच्या नायलॉनच्या थराची सवय आहे, घाबरण्यासारखे काही नाही. तेवढे चालूनही धडधड तशीच राहिली तर चपटेपणा कायमचा आहे. बॅलन्सिंगने तो जात नाही, कारण वजन बरोबर असूनही चाक गोल नसते.

थरथर वाढत असेल तर गोष्ट वेगळी. आज बॅलन्सिंग केले, चार दिवस बरे वाटले, मग पुन्हा सुरू झाले आणि प्रत्येक वेळी थोडे जास्त; किंवा २० ते ४० च्या कमी वेगाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे डोलते आणि वेग वाढला की दबल्यासारखे वाटते. हे पट्टे सुटत असल्याचे लक्षण आहे. गाडी जॅकवर घ्या, जमिनीवर टेकवलेल्या पट्टीचे टोक ट्रेडपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. अंतर दीड मिलिमीटरहून जास्त बदलत असेल, किंवा ट्रेडच्या खाचा एका जागी सरळ न जाता वाकड्या जात असतील, तर त्या चाकावर गाडी गॅरेजपर्यंतही नेऊ नका. बॅलन्सिंगसाठी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या गाड्यांत हेच निदान सर्वांत जास्त वेळा निसटते, कारण यंत्रावर चाक 'शून्य' दाखवते.

*हवा कमी होणे.* क्रम असा ठेवा: आधी व्हॉल्व्हची सुई, मग व्हॉल्व्हचे बूड, मग बीड, मग रिमचा गंज, शेवटी साइडवॉल. बीडच्या जागी रिमवर गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून सीलर लावला की काम होते. साइडवॉलवर साबणाच्या पाण्याचा एका जागी फुगा न होता बऱ्याच जागी बारीक फेस येत असेल तर अस्तर चिरले आहे. त्यावर दुरुस्ती नाही.

*साइडवॉलवर फुगा.* आतले धागे तुटले. लगेच उतरवा, वय कितीही असो.

*ओल्यात घसरणे.* चारही टायर एका वयाचे असतील तर अलाइनमेंट, ब्रेक बघण्याआधी कडकपणा मोजा.

एक टायर वयामुळे गेला आणि बाकीचे त्याच तारखेचे, त्याच जागी ठेवलेले असतील तर सगळेच बाद समजा. एकेक बदलत बसल्याने ही तक्रार वर्षभर पुरते. फक्त दोनच नवे घेता येत असतील तर ते मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. मागची पकड अचानक सुटली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही.

दुचाकीला हे सगळे जास्त कडकपणे लावा. तिथे एक टायर गेला तर उरलेला सावरत नाही, आणि वळणावर खांद्याचे कडक रबर न सांगता सुटते. पाच वर्षांहून जुना न वापरलेला टायर दुचाकीला लावू नये असे आमचे ठाम मत आहे. ट्रेलर आणि कॅराव्हॅनचे टायर वर्षातले बरेच महिने भाराखाली उभे असतात. ते झिजून नव्हे, वयानेच जातात. लहान अरुंद स्टेपनीचा दाब ६० पीएसआय आणि वेगाची मर्यादा ८० हे सगळे वाचतात, तिची तारीख मात्र कुणी वाचत नाही. दहा वर्षांच्या गाडीत ती स्टेपनीही दहा वर्षांची असते.

हे उपाय करू नका

'ट्यूबलेस टायर गळतो तर ट्यूब टाका' हा सल्ला सर्रास मिळतो. ट्यूब हवा धरते आणि त्यामुळे टायर का गळत होता तो प्रश्नच झाकला जातो. चिरलेल्या अस्तरावर ट्यूब घासते, गरम होते, आणि फुटली की हवा हळू न जाता क्षणात जाते. भेगांत रबर सोल्यूशन भरणे, काळा रंग देणे, पेट्रोलने टायर पुसणे यांनी टायर फक्त दिसायला बदलतो. पेट्रोलने तर आणखी बिघडतो. वरचे कडक रबर घासून मऊ रबर वर आणण्याने पट्ट्यांतल्या रबराला काही फरक पडत नाही. नायट्रोजन भरल्याने आतून होणारे ऑक्सिडेशन पुढे कमी होते हे खरे, पण जे कडक झाले ते परत मऊ होत नाही.

चालवताना जुना टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि मग कडेला घ्या.

बाद ठरलेला टायर उतरवल्या दिवशीच साइडवॉल चाकूने किंवा करवतीने आरपार कापा, निदान एका बाजूने हातभर. नाहीतर पूर्ण नक्षी बघून तो कुणीतरी उचलतो आणि दुसऱ्या गाडीला लावतो. कापताना बीडची तार आणि ट्रेडखालचा पट्टा टाळा. तिथे पोलाद आहे, पाते उलटते. कापलेला टायर जाळू नका, उघड्यावर पाणी साचेल असा ठेवू नका, पुनर्वापरासाठी टायर घेणाऱ्याकडे द्या.